धोतऱ्याचं बोंड

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका कुरणात कोल्हे गवताच्या पेंढीत धोतऱ्याची बोंडं लपवून आणायचे आणि करडांना चारायचे. करडं झिंगून कड्यावरून पडली, की खाली कोल्ह्यांची मेजवानी.

शेवटी शेळ्यांनी आपलं दूध देऊन नवे कुत्रे राखणीला ठेवले. त्यांना शिकवायला खंडी नावाची म्हातारी कुत्री आली. ती बोकड सरपंचाला म्हणाली, "एक बोंड आणून द्या. हुंगल्याशिवाय पोरांना कळायचं कसं?"

"अहो आत्याबाई, ते विष आपल्या कुरणात आणायचं? लोक काय म्हणतील! तुम्ही त्यांना रांगेत उभं राहायला शिकवा."

"रांग बघून कोल्हा हसेल हो!"

खंडी मागून मागून थकली. कुत्रे मात्र रांगेत झकास उभे राहू लागले. एका सकाळी कोल्हा पेंढी घेऊन आला, तर नुसतं गवतच आहे असं समजून त्यांनी बाजूला सरून त्याला वाट दिली. आता काय म्हणावं!

दुपारी भुरी शेळीचं करडू झिंगलं. भुरीनं त्याला कान धरून कड्यावरून मागं ओढलं.

सरपंच म्हणाला, "दूध वाढवा, आणखी कुत्रे ठेवू."

भुरीनं करडाच्या तोंडातलं अर्धं चावलेलं बोंड ओढून काढलं आणि कुत्र्यांच्या पुढ्यात टाकलं.

"घ्या रे बाबांनो, हुंगा."