उन्हावरचा भात

भांडी बोलायची आणि झाडं ऐकायची, त्या काळी एका परसात जांभळाचं एकच झाड उरलं होतं. बाकीची सगळी चुलीत गेली होती.

"उद्या सकाळी याला घेते," झाडाला टेकून कुऱ्हाड म्हणाली.

"उद्याचा दिवस थांब," फुटका आरसा म्हणाला. "मी उन्हावर भात शिजवून दाखवतो."

चूल एवढी हसली की तिची राख उडाली.

सकाळी आरशाने आपले तुकडे गोल मांडले आणि सगळ्यांची तोंडं मध्ये वळवली. मधली जागा अर्थातच पितळी पातेल्याने घेतली. चिंचेने घासून ते लखलखत होतं. पण ऊन त्याच्यावर पडायचं आणि परत फिरायचं. दुपार झाली तरी पाणी जेमतेम कोमट.

"झालं समाधान?" चुलीने विचारलं.

"चूक माझीच," आरसा म्हणाला. "ऊन गोळा केलं, पण ते धरून ठेवणारं कोण, हे पाहिलंच नाही."

कोपऱ्यात काजळीने काळीकुट्ट झालेली हंडी पालथी पडली होती. आरशाने तिला बोलावलं.

"येते, पण आधी घासून घेते," हंडी ओशाळून म्हणाली.

"नको. अशीच ये."

ऊन कलायच्या आत हंडीचं झाकण थडथडू लागलं आणि भाताचा वास परसभर पसरला. कुऱ्हाड जांभळाला टेकली होती, ती तशीच टेकून राहिली. सावली छान होती.

संध्याकाळी पितळी पातेलं चुलीपाशी आलं आणि हळूच म्हणालं, "थोडी काजळी मिळेल का?"