जोजव्वाची वाटी

एक होता राजा. असू दे त्याला तिकडं सिंहासनावर. आपली गोष्ट त्याची नाहीच. आपली गोष्ट आहे ठकूमावशीची आणि तिच्या बकूची. राजा मधे यायचा तेव्हा येईल. मुक्ते, तू आधी पाय पांघरुणात घे आणि भावाला चिमटे काढणं बंद कर. दिवा मालवला म्हणून मला दिसत नाही असं समजू नकोस.

तर कृष्णाकाठच्या एका गावात ठकूमावशी राहायची. बकू तिच्या बहिणीची मुलगी. बहीण बिचारी लवकर गेली, मग मावशीनंच बकूला पदराखाली घेतलं. मावशीचा जीव की प्राण होती ती. मावशी कामाला वाघ, पण सारखी घाई, सारखी घाई. पाणी तापायच्या आत अंघोळ उरकायची आणि घास गिळायच्या आत ताट उचलायची. कुणासारखी, ते मी सांगत नाही.

एकदा काय झालं, दसरा जवळ आलेला. अंगणात भुईमुगाच्या वेलांचा हा एवढा ढीग, आणि मावशी शेंगा तोडत बसलेली. दुपारची एक म्हातारी येऊन ओट्यावर टेकली. अंगावर हिरवं रेशमी लुगडं, केसांत मोगऱ्याचा गजरा, हातात पितळेची वाटी. बकू तिच्यापाशी गेली. म्हातारीनं तिला वाटीतली खीर भरवली, पाठीवरून हात फिरवला. आणि बकू तिथंच उंबऱ्यावर डोकं टेकून झोपली, बरं का.

मग मावशीनं ती वाटी घेतली, राखेनं घासून लख्ख केली आणि म्हातारीला परत दिली. रिकामी! आता तुम्हीच सांगा, कुणाचं भांडं आपण रिकामं परत देतो का? पलीकडच्या चंपूकाकूंकडून कढी आली, तर त्या पातेलीतनं मी काय धाडते? बरोबर, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. मावशीलाही ठाऊक होतं की हे. पण साखरेचा डबा वरच्या फळीवर, हात राखेनं बरबटलेले, अंगणात शेंगा पडलेल्या. कोण चढणार? म्हातारीनं वाटीत डोकावून पाहिलं आणि चालू लागली.

बकू दुपारच्या झोपेतून उठली, ती उठलीच. रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मावशीनं पाय चोळून पाहिले, टाळूवर तेल घातलं, दृष्ट काढली. काही उपयोग नाही. पोरीचे डोळे खोल गेले. बोलणंही बंद झालं. नुसती आढ्याकडं बघत पडायची. वैद्यानं नाडी धरली आणि मावशीला बाजूला घेऊन म्हणाला, "ठकूताई, पोर अशीच जागी राहिली तर दिवाळी बघायची नाही."

मावशी ओट्यावर येऊन बसली. मग तिला ती वाटी आठवली. गावातल्या जुन्या सुईणीला तिनं सगळं सांगितलं. सुईण कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, ती जोजव्वा! साऱ्या मुलुखाला झोप वाटत फिरते. आणि तिची वाटी तू रिकामी धाडलीस? धन्य आहे बाई तुझी. ती म्हैसूरची. दसऱ्याला ती हमखास आपल्या गावी असते. जा, पाय धर तिचे."

मग काय! मावशीनं भाकऱ्या बांधल्या, बकूला पाठुंगळी घेतलं आणि म्हैसूरला निघालेल्या पानवाल्यांच्या बैलगाडीत बसून निघाली. भाकऱ्या वाटेतच संपल्या. नदी झाली, डोंगर झाला, नारळाची झाडं सुरू झाली. आणि ऐन दसऱ्याच्या दिवशी गाडी म्हैसुरात शिरली.

काय ते गाव! रस्ते असे झाडलेले की वाटावं, इथं पाय कसा ठेवायचा? दारोदारी रांगोळ्या, खांबाखांबाला केळीचे घड, आणि हवेत चंदनाचा वास. चंदन उगाळलेलं नव्हे हो, तिथं वाराच तसा. मावशीची मान जी वर झाली ती खाली येईना.

आधी त्या फुलबाजारात गेल्या. मोगरा, शेवंती, कण्हेर, नुसते डोंगर फुलांचे! माळणी गजरा हातानं मोजत होत्या, कोपरापर्यंत एक, कोपरापर्यंत दोन. मावशीनं मोडक्यातोडक्या कानडीत विचारलं, "जोजव्वा कुठाय?" एक माळीण हसली आणि टोपलीवरचं ओलं फडकं जरा उचलून तिनं आतल्या मिटलेल्या कळ्या दाखवल्या. "आत्ताच या कळ्यांना निजवून गेली. हत्तींकडं बघा." आणि बकूच्या हातात तिनं एक गजरा ठेवला. मावशीनं आशेनं पोरीकडं पाहिलं. छे! बकूचे डोळे मिटायचे सोडून आणखी मोठे झाले होते.

मग त्या हत्तींकडं गेल्या. सोन्याच्या अंबारीतून देवीला मिरवून हत्ती नुकतेच परतले होते. कपाळावर वेलबुट्टी, कानांवर मोर, पायांत हे एवढाले तोडे. अंबारीचा मोठा हत्ती उभ्याउभ्याच झोपला होता आणि त्याचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. माहूत हळूच म्हणाला, "जोजव्वा आत्ताच याच्या कानात गाऊन गेली. राजवाड्यात बघा." त्यानं हत्तीच्या घासातला गुळाचा खडा बकूला दिला. बकू हत्तीच्या इतकी जवळ गेली की मावशीनं तिला मागून धरून ठेवलं. आणि डोळे? ते तर वाट्यांएवढे झाले होते.

मावशीला रडूच कोसळलं. "अगं पोरी, तुला निजवायला आणलं आणि या गावानं तुझे डोळे टक्क उघडेच ठेवले की गं!"

मग त्या राजवाड्यापाशी आल्या. तिन्हीसांजा झाल्या होत्या. इतक्यात काय झालं, साऱ्या राजवाड्यावर एकदम दिवे लागले. कमानीवर दिवे, घुमटावर दिवे, सज्जांवर दिवे. मावशी चार पावसाळे जास्त पाहिलेली बाई, पण तिच्या तोंडून नुसतं "अगंबाई!" निघालं. दाराशी कुणी अडवलंसुद्धा नाही. पहारेकरी म्हणाला, "बन्नी, बन्नी." म्हणजे या, या.

आत होतं बाहुल्यांचं दालन. त्या मुलखात नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. लाकडी राजाराणी, वाजंत्रीवाले, किराणा विकणारा शेटजी आणि त्याची ढेरी. नऊ दिवस बिचाऱ्या उभ्या असतात. मग दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांना आडवं करून निजवतात, हो, खरंच. आणि तिथं पाठमोरी बसून एकेका बाहुलीला आडवी करत होती, कोण असेल? हिरवं लुगडं, मोगऱ्याचा गजरा!

तेवढ्यात खुद्द राजा दालनात आला. आला बघा एकदाचा. काहीतरी बोलणार, तर म्हातारीनं ओठावर बोट ठेवून त्याला "श्शू" केलं. राजा गुपचूप जोडे काढून कोपऱ्यात बसला.

मावशीनं जाऊन जोजव्वाचे पाय धरले. "अव्वा, चुकलं माझं. मला हवी ती शिक्षा कर. पण माझ्या बकूची झोप दे."

"अगं, मी कशाला रागावू?" जोजव्वा म्हणाली. "ज्या घरातनं माझ्या वाटीत जे पडतं, त्याचीच मी त्या घरची झोप करते. तुझ्या घरातनं काहीच पडलं नाही. मी करू तरी कशाची?" आणि तिनं तीच पितळेची वाटी पुढं केली.

मावशीनं घाईघाईनं गजरा घातला. गजरा दिसेनासा झाला, वाटी रिकामी. गुळाचा खडा घातला. तोही गडप. जोजव्वा म्हणाली, "हे तर माझ्याच गावचं. तुझ्या घरचं घाल." मावशीनं कनवटीला हात घातला, पदराची गाठ सोडली, भाकरीचं फडकं झटकलं. घरचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. मावशी रिकामं फडकं मांडीवर घेऊन खाली बसली आणि पहिल्यांदाच तिची सगळी घाई संपली.

मग बकू पुढं सरकली. तिनं वाटी दोन्ही हातांत धरली, तोंडाशी नेली आणि वाटीत हळूच म्हणाली, "मावशी, हत्तीला पापण्या असतात."

इतक्या दिवसांनी पोर बोलली! मावशीनं पदर तोंडाशी धरला.

"लांब लांब असतात," बकू म्हणाली. "झोपला की एकमेकींना लागतात." मग ती सांगतच राहिली. माळणीनं फडकं कसं उचललं, कळ्या कशा ओल्या होत्या, दिवे लागले तेव्हा मावशीचं तोंड कसं उघडं राहिलं. राजाला हसू फुटलं, ते त्यानं उपरण्यात दाबलं. आणि वाटीत काय दिसायला लागलं? तळाशी थोडी खीर, मग जरा वर, मग आणखी वर. बकूचा आवाज जड झाला. "मग त्या शेटजीच्या ढेरीवर... मग त्या..." आणि तिची मान जोजव्वाच्या मांडीवर कलली.

वाटी काठोकाठ भरली होती. "हे खरं तुझ्या घरचं," जोजव्वा म्हणाली. मावशी इतकी रडली, इतकी हसली, की काय सांगू! राजानं स्वतःची शाल बकूवर घातली. पोर बाहुल्यांच्या रांगेत दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपली, आणि मावशी तिच्या उशाशी बसून राहिली. कसलीही घाई केली नाही तिनं.

मग दोघी घरी आल्या. बकूनं दिवाळी बघितली, पणत्याही लावल्या. रोज निजताना ती दिवसभराचं सगळं मावशीला सांगायची आणि सांगता सांगता झोपायची. सगळे सुखी झाले.

जोजव्वा अजून फिरते, बरं का. आत्ताही तिची वाटी तुमच्या उशाशी आहे. रिकामी परत धाडायची नाही. तेव्हा सांग बघू मुक्ते, आज तू काय काय पाहिलंस? मुक्ते? अगं ए...

झोपली सगळी. असू दे. तुमच्या वाटणीचं मी घातलं हो वाटीत. एवढी मोठी गोष्ट घातली. निजा आता, बाळांनो.