झऱ्यापासून झऱ्यापर्यंत

एकदा एका गावाने आपली तहान घेऊन एका वृद्ध आचार्यांकडे माणूस धाडला. आचार्य गणिताचे. तहानेशी गणिताचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. गावातल्या शहाण्यांनीही तेच विचारले होते. पण पाटील हट्टाला पेटले होते. डोंगरापलीकडच्या रानात एक बारमाही झरा होता. कातळातून फुटून तो खालच्या डोहात साठायचा. त्या डोहापासून पाट खणून पाणी गावात आणायचे, तर डोह गावापेक्षा उंचावर हवा. आणि मध्ये इतक्या टेकड्या, इतक्या घळी, की उंच कोण नि सखल कोण हे डोळ्यांना कळत नव्हते. सारे गाव उन्हाळाभर राबायला तयार होते. पाणी येईल की नाही, एवढे मात्र आधी कुणीतरी छातीठोकपणे सांगायला हवे होते.

आचार्यांनी आपल्या लाडक्या शिष्याला, नीळकंठाला, बरोबर घेतले. नीळकंठ हुशार होता, आणि आपण हुशार आहोत याची त्याला पुरेपूर जाणीव होती. आश्रमात तो दोन विद्या शिकला होता. पहिली भेदाची: एखादी राशी बदलत असेल, तर ती नेमकी या जागी, या क्षणी कशी बदलते हे काढण्याची. दुसरी संचयाची: वाकड्यातिकड्या आकाराचे बारीक बारीक काप करून त्यांची बेरीज करण्याची. पहिली त्याला चुटकीसरशी यायची. दुसरीचा त्याला मनस्वी कंटाळा. काप कितीही बारीक करा, कडेला काहीतरी उरतेच, अशी त्याची तक्रार असे. या दोन विद्यांचे आपसात काही नाते असेल, असे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

डोहाकाठी एका दगडावर बसकण मारून आचार्य म्हणाले, "इथून गावापर्यंत जा. जमीन पावलोपावली किती चढते, किती उतरते ते मोजत जा. वीतभर चढलास की थैलीत पांढरा खडा टाक, वीतभर उतरलास की काळा."

नीळकंठ दोन गडी घेऊन निघाला. पाण्याने भरलेली लाकडी पन्हळ मांडायची, तिच्यातल्या पाण्यावरून सपाटी पाहायची, पुढच्या-मागच्या काठ्यांवरच्या खुणा वाचायच्या, खडा टाकायचा आणि पुढे सरकायचे. काम सोपे, पण जीव काढणारे. गावात पोहोचल्यावर त्याने चावडीपुढे थैली ओतली आणि एका पांढऱ्यासमोर एक काळा असे जोडीजोडीने खडे बाजूला सारले. शेवटी उरले ते काळे. हिशेब झाला दोन पुरुषांचा, म्हणजे दोन माणसे एकावर एक उभी राहतील इतका. गाव डोहाच्या तेवढे खाली होते. पाणी येणार होते!

पाटलांचे डोळे भरून आले. "माज्या आईनं जलमभर डोईवर पानी वाहिलं," ते म्हणाले. "आता तिच्या दारात पाट येतोय म्हना की!" कुदळी बाहेर निघाल्या. निरोप्या डोहाकडे धावला आणि आचार्यांचे उत्तर घेऊन परतला: खणू नका. नीळकंठाने दुसऱ्या वाटेने, मोजत मोजत, डोहापाशी यावे.

लोक चिडले. नीळकंठ तर मनातून फारच दुखावला. तेच डोंगर, तोच डोह. उत्तर काय वेगळे येणार? पण गुरूचा शब्द मोडायचा कसा? माळावरच्या गुराखी वाटेने तो पुन्हा खडे टाकत निघाला.

डोहापाशी येऊन त्याने थैली ओतली, आणि त्याचा हात थबकला. याही खेपेला काळेच खडे उरले होते, एका पुरुषाचे.

"म्हणजे जाताना मी उतरलो," तो चाचरत म्हणाला, "आणि येतानाही उतरलो..."

"आणि पोहोचलास कुठे?"

"इथेच."

आचार्यांनी बुडाखालच्या दगडावर थाप मारली. "हा तर जागचा हलला नाही बुवा. तू गेल्यापासून मी यावरच बसतोय. मग हे उरलेले खडे कुणाचे?"

नीळकंठाचा चेहरा उतरला. मग त्याला घळ आठवली. "पहिल्या वाटेवर एक घळ होती, आचार्य. करवंदीच्या जाळ्यांतून पन्हळ मांडता येईना. दोन्ही काठ मला सारखेच दिसले. म्हटले, जितके उतरलो तितकेच चढलो असणार. तिथे मी खडे टाकलेच नाहीत."

दोघे घळीवर गेले. गड्यांनी कोयत्याने जाळी तोडली, पन्हळ मांडली. पलीकडचा काठ तब्बल तीन पुरुष उंच निघाला. दोन्ही खेपांना उरलेल्या काळ्या खड्यांच्या ढिगात तेवढे पांढरे खडे पडले, पुन्हा जोड्या लागल्या आणि सगळा ढीग संपला. एकही खडा उरला नाही. पण याचा अर्थ नीळकंठाला लगेच कळला. परतीचाच हिशेब खरा होता, गाव डोहापेक्षा एक पुरुष वर होते. त्याच्या शब्दावर गाव उन्हाळाभर खणत राहिले असते, आणि पाण्याने तिकडे तोंडही वळवले नसते. तो मटकन खाली बसला आणि रडू लागला.

आचार्यांनी त्याला रडू दिले. मग म्हणाले, "एकेका जागी चढ-उतार मोजलास ती तुझी पहिली विद्या. ते सारे गोळा केलेस ती दुसरी. गोळा करून हाती काय आले? उंचीतला फरक. आणि ते चढ-उतार निघाले होते कशातून? उंचीतूनच! जे फोडलेस तेच जोडून परत आले, नीळकंठा. एकाच दाराने आत जाणे आणि बाहेर येणे, एवढेच या दोन विद्यांमधले अंतर आहे."

"आणि मधल्या एवढ्या टेकड्या?"

"एका पावलाचा शेवट ही पुढच्या पावलाची सुरुवात. मधले सारे एकमेकांत विरते. उरतात फक्त दोन टोके. कुठल्याही वाटेने ये, वजाबाकी तीच. आणि निघालास तिथेच परतलास, तर हाती काही उरता कामा नये. उरले, तर ती चूक डोंगराची नव्हे. आश्रमात काप मोजत बसतोस ना? यापुढे आधी विचार, हा बदल कुणाचा? ती राशी सापडली की कापांना हात लावू नकोस. तिला दोन्ही टोकांशी गाठ आणि वजाबाकी कर."

नीळकंठाने मान वर केली. समोर डोंगरांच्या रांगेमागे रांगा पसरल्या होत्या, आणि त्या अफाट पसाऱ्यात इतका चोख हिशेब भरून आहे या जाणिवेने त्याच्या अंगावर काटा आला. आपण इतकी वर्षे गणित शिकलो आणि ते आज प्रथमच पाहिले, असे त्याला वाटले. नकळत त्याचे हात जोडले गेले.

मग तो उठला. सारी वाट पुन्हा मोजायची आता गरजच नव्हती. डोहापासून वर, कातळात जिथे झरा फुटतो तिथवरचा चढ तेवढा त्याने मोजला. तो तीन पुरुष भरला. म्हणजे झऱ्याचे मुख गावापेक्षा दोन पुरुष उंच! पाट तिथूनच काढायचा, डोहाकडे उतरू द्यायचाच नाही.

डोंगरांना वळसे घालत, वर चढणार नाही अशा बेताने गावाने पाट खणला. पाणी सोडले त्या दिवशी नीळकंठ पाटलांच्या दारात उभा होता. पाण्याला गाव ठाऊक नव्हते. त्याने टेकड्या मोजल्या नव्हत्या. जिथे असेल तिथला पायाखालचा उतार, एवढेच त्याला कळत होते. आणि तेवढ्यावर ते आले. आधी मातकट, मग निवळत गेलेले.

पाटलांची म्हातारी आई उंबऱ्यावरून खाली उतरली. तिने पाण्यात हात बुडवला आणि तो तसाच राहू दिला.

"येवढ्या लांबनं कसं रं आलं ह्ये?" तिने विचारले.

नीळकंठाला पुष्कळ काही सांगता आले असते.

"पावलापावलाने, आजी," तो म्हणाला.