पाठ न फिरवलेली फौज

फार जुनी गोष्ट. तेव्हा वाघ आपण शाकाहारी झाल्याचं जाहीर करत आणि हरणं टाळ्या वाजवत. समुद्राकाठच्या करवंदवनात असाच एक वाघ राज्य करत होता. प्रजा सुखी होती. सुखी आहे ना, असं विचारायला महाराज स्वतः घरोघर जात, त्यामुळे उत्तर नेहमी एकच येई.

महाराजांच्या मुदपाकखान्यात तानूमावशी नावाची अस्वलीण होती. फौजेची पेज तीच रांधायची. सेनापती सर्जेराव गवा आईविना वाढलेला. त्याला तिनंच पेजेवर पोसला होता. आता त्याची शिंगं मुदपाकखान्याच्या दारात मावत नसत, तरी ती त्याला सर्ज्याच म्हणायची, आणि तसं म्हणायची मुभा त्यानं फक्त तिला दिली होती.

करवंदवनासमोर समुद्रात शिंपलबेट होतं. बेट कसलं, एक उंच कातळ आणि त्याच्या पायाशी वाळूची चिंचोळी पट्टी. तिकडे जायला वाळूचाच एक दांडा होता. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला तो उघडा पडायचा आणि भरती लागली की पाण्याखाली जायचा. कातळावर शेळ्या राहायच्या, भोवतीच्या पाण्यात पाणमांजरं आणि सुसरी. शेळ्यांकडे नाचणीची कोठारं भरलेली होती. गुन्हा म्हणावा तर एवढाच.

एके दिवशी प्रधान कोल्हा वारुळावर चढून म्हणाला, "बंधूंनो आणि भगिनींनो, शिंपलबेटापासून आपल्याला धोका आहे!"

"काय केलं त्यांनी?" एका सशानं विचारलं.

"अजून काहीच केलेलं नाही. यावरून ओळखा, किती आतल्या गाठीचे आहेत ते!"

सगळ्यांनी ओळखलं. "आज बेट, उद्या समुद्र!" अशी घोषणा झाली. समुद्र घेऊन करायचं काय, हे सशाला विचारायचं होतं. पण तो एव्हाना सभेत दिसत नव्हता.

करवंदवनाच्या फौजेचा एक रिवाज होता. वेस ओलांडली की मागे वळून पाहायचं नाही. कुणा एका पूर्वजानं पाहिलं होतं म्हणे. त्याला घर दिसलं आणि तो घरी गेला. तेव्हापासून नियम झाला, की जो मान वळवील त्याची मान राजाची.

निघताना मावशीनं विचारलं, "सर्ज्या, परत कधी यायचं रे? तसं पीठ घेते."

"मावशी, 'परत' म्हणू नये. अपशकुन होतो."

मग तिनं अंदाजानंच पीठ घेतलं.

अमावास्येला उजाडता उजाडता फौज दांडा ओलांडून गेली. गवे, रानडुकरं, सांबरं, मागून मावशीची पातेली. शेळ्यांनी वरून पाहिलं आणि त्या आणखी दोन टप्पे वर चढल्या. गव्यांना कातळ चढता येत नाही, ही गोष्ट मोहीम आखताना कुणाच्या लक्षात आली नव्हती. पण वाळूची पट्टी तर ताब्यात आली होती. सर्जेरावानं विजय जाहीर केला आणि दुपारी मेजवानी झाली. उद्या शेळ्यांची कोठारं आपलीच, मग शिधा राखायचा कशाला? मावशीनं पातेली खरवडून वाढली. तीसुद्धा खुशीत होती, हे सांगायला हवं.

जेवणं चालू असताना मागे पाणी वाजू लागलं.

"कसला आवाज?" एका डुकरानं विचारलं.

"शत्रूच्या छातीत धडधडतंय," सर्जेराव म्हणाला.

संध्याकाळी दांडा पुन्हा उघडा पडला, तेव्हा त्यावर सुसरी जबडे उघडून ओळीनं पहुडल्या होत्या. फौजेतल्या कुणी ते पाहिलं नाही. सगळ्यांची तोंडं कातळाकडे होती. पुढे पाण्याचा उतार कमी होत गेला आणि दांडा दिसेनासाच झाला.

दुसऱ्या दिवशी करवंदवनातून रसद निघाली. केळीच्या खुंटांचे तराफे, ओढायला बदकं. ते खाडीच्या मध्यावर आले, तेव्हा पाणमांजरांनी दोर सोडले आणि बदकांना नमस्कार करून परत पाठवलं. पाणमांजरांची म्होरकी वेणाक्का पोहत फौजेच्या मागे आली. तिची आणि मावशीची जुनी ओळख. पूर्वी दोन्हीकडची जनावरं एकाच वाळूत वाळवणं घालायची, आणि ती वाळूही आताच्यापेक्षा पांढरी होती, असं मावशी अजून म्हणते.

"काय गो तानूबाय, पाठ करून बसलीस? रुसलीस की काय?"

"रिवाज आहे आमचा," मावशी कातळाकडे बघत म्हणाली.

"बरं बाई. तुमच्या भाकऱ्या पोचल्या आम्हाला. चांगल्या होत्या. मीठ जरा कमी पडलं."

मावशीला हे लागलं. "मी नसले की असंच करतात मेले," ती पुटपुटली.

तराफे निघत राहिले आणि पाणमांजरं जेवत राहिली. करवंदवनात दवंडीवाली टिटवी रोज ओरडायची, "आपली फौज शत्रूच्या नजरेला नजर देऊन उभी आहे! तिच्यासाठी घरटी एक मूठ धान्य द्या!" प्रजा मूठ मूठ धान्य देई. त्यातलं थोडं तराफ्यावर जाई आणि उरलेलं राजवाड्यात, कारण समुद्राचा काय भरवसा? त्या दिवसांत महाराजांचं वजन वाढलं. काळजीनं अंगावर सूज आली आहे, असं टिटवीनं कळवलं.

बेटावर मात्र डुकरांनी वाळू उकरून शिंपले संपवले. सांबरं शेवाळ चघळू लागली. कातळातून झिरपणारं पाणी होतं, म्हणून जीव टिकले. मावशी रिकाम्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायची, निदान वाफ तरी दिसावी म्हणून. सर्जेरावाच्या बरगड्या दिसू लागल्या, तशी तिला झोप येईना.

"मावशी, मी ठरवलंय," एका सकाळी तो म्हणाला. "पौर्णिमेला सगळ्या फौजेनिशी धडक द्यायची."

"कुणाला?"

"कातळाला."

"डोकी फुटतील रे सगळ्यांची! कातळाला काय होणार?"

"त्याला काही होणार नाही. पण आपलं नाव इतिहासात राहील."

"इतिहासात पेज वाढतात का?"

मागून वेणाक्का खाकरली. "सर्जेराव, ऐक माझं. पौर्णिमेला दांडा उघडला की सुसरी बाजूला होतील. शिंगांवर, सुळ्यांवर नारळाच्या करवंट्या बसवा, म्हणजे कुणाला टोचणार नाही, आणि गुमान घरी जा."

"म्हणजे शरणागती! आम्हाला कुणी हरवलेलं नाही!"

"नाहीच हरवलं. आम्ही बोटसुद्धा लावलं नाही रे. दार लावून बसलो, इतकंच. खोली तुम्ही स्वतः निवडलीत."

सर्जेरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पण घरी जायचं तर वळावं लागेल. वळलो तर महाराज माना घेतील. त्यापेक्षा कातळ बरा."

मावशी बराच वेळ चुलीतली राख उकरत राहिली. मग म्हणाली, "सर्ज्या, महाराजांपुढे ताट ठेवून मी बाहेर कशी येते?"

"मागे मागे चालत. राजाला पाठ दाखवायची नसते."

"मग तेवढाच मान शत्रूला दिला, तर कुठला रिवाज मोडतो?"

सर्जेराव विचार करू लागला. गव्याचा विचार, तो दुपारपर्यंत चालला. मग त्यानं वेणाक्काकडून करवंट्या मागवल्या.

पौर्णिमेला तांबडं फुटताना फौज निघाली. तोंडं बेटाकडे, शेपट्या घराकडे, शिंगांवर करवंट्या. मागचं दिसत नव्हतं, म्हणून पाण्यातून वेणाक्का सांगत होती, "जरा डावीकडे... सांभाळून, खळगा आहे... अरे सांबरा, सुसरीच्या शेपटीवर पाय देऊ नकोस, तिनं शब्द दिलाय तरी!" वरून एका म्हाताऱ्या शेळीला राहवलं नाही. तिनं नाचणीचं गाठोडं खाली टाकलं. मावशीनं ते उचललं आणि कुणी काही विचारायच्या आत पातेल्यात दडवलं.

किनाऱ्यावर प्रजा जमली. तिला आधी शेपट्या दिसल्या.

"फौज परत आली!" कुणीतरी ओरडलं.

"जीभ आवरा!" कोल्हा गरजला. "नीट बघा, तोंडं कुठे आहेत? शत्रूवर रोखलेली नजर न हटवता घरापर्यंत पोचलेली ही जगातली पहिलीच फौज आहे!"

ढोल वाजले. करवंट्यांना शौर्यचिन्हाचा मान मिळाला आणि महाराजांनी त्या स्वतःच्या पंजानं सगळ्यांच्या गळ्यात बांधल्या.

मावशी धान्य मागायला कोठारावर गेली. पोरं पंधरा दिवसांची उपाशी होती.

"धान्य फौजेसाठी आहे," कोल्हा म्हणाला.

"फौजेसाठीच मागते आहे."

"मावशी, फौज तर आघाडीवर आहे. कालच दवंडी दिलीय आपण."

मुदपाकखान्यात येऊन तिनं पातेल्यातलं गाठोडं सोडलं, शत्रूच्या नाचणीची पातळ पेज केली आणि शौर्यचिन्हांतून वाढली. सर्जेराव दाराबाहेर बसून भुरके मारत होता.

"मावशी, खरं सांग. आपण जिंकलो का गं?"

"गिळ आधी. निवतेय."

महाराजांना फौजेची ती उलटी चाल फार आवडली. त्यांनी हुकूम काढला, की यापुढे करवंदवनात सगळ्यांनी तसंच चालायचं. अजूनही तिथे सगळे मागे मागेच चालतात. तोंडं पुढे असल्यामुळे राज्य पुढे चाललंय, असं सगळ्यांनाच वाटतं. अलीकडे टाचांना पाणी लागतं म्हणतात. पण वळून पाहायचं नाही, हा रिवाज आहे.