नव्व्याण्णव मेंढरांचा प्रश्न

गोदाकाठच्या एका गावात तबीथाबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या. दर रविवारी उपासना झाली की त्या चर्चच्या ओसरीवर मुलांना बायबल शिकवत. शिकवत म्हणजे पाठ करून घेत. त्यांच्या लहानपणी साऱ्या आळीत बायबल एकच होतं. वचन पाठ झालं, तरच ते घरी जायचं. म्हणून त्यांच्या बाईंनी त्यांना घोकायला लावलं, आणि त्यांनी पुढं तीस वर्षं गावाला. पंचक्रोशीतल्या पाठांतर स्पर्धेची ढाल सलग नऊ वर्षं त्यांच्याच मुलांनी आणली होती.

आता मात्र घरोघरी बायबल होतं, मोबाइल होता. मुलं घोकायला कंटाळत. चाळीसांची बारा झाली. चर्चच्या मंडळीचे पंच शमुवेलअण्णा म्हणाले, "बाई, तुम्ही फार मवाळ झालात."

त्या वर्षी स्पर्धेला येशूनं सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला होता: शंभरातलं एक हरवतं, तेव्हा मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव रानात सोडून त्याला शोधतो आणि खांद्यावर घेऊन येतो. बाई एकेक ओळ सांगत, मुलं मागून म्हणत. मध्येच सुवार्ता नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, एकासाठी नव्व्याण्णव रानात सोडली, तर त्यांना लांडग्यानं खाल्लं नसतं का?"

सगळी मुलं बाईंकडे पाहू लागली.

हा दाखला बाईंनी हजारदा म्हटला असेल, पण हे कधी मनात आलं नव्हतं. 'आधी पाठ कर, मग विचार' असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द ओठांवर आलेही. पण पोरीच्या डोळ्यांत उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच त्या मेंढरांची काळजी लागली होती.

बाई म्हणाल्या, "मला ठाऊक नाही गं. चला, ज्याला ठाऊक आहे त्याला विचारू."

गावाबाहेरच्या माळावर म्हाळबा धनगराची मेंढरं बसली होती. प्रश्न ऐकून तो म्हणाला, "बाकीची एकमेकांना बिलगून ऱ्हात्यात. राखणीला कुत्री हायेत. पर एकलं मेंढरू भ्यालं की जागीच बसतंय. वरडत न्हाई, चालत न्हाई. आपुन गेल्याबिगर ते येत न्हाई."

मग त्यानं एक कोकरू उचलून सुवार्ताच्या खांद्यावर ठेवलं. ती दहा पावलं चालली. मान घामेजली, लोकर टोचली, कोकराचं काळीज कानाशी धडधडत होतं. "जड आहे बाई," ती म्हणाली, "पण खाली ठेववत नाही." मग बाराही मुलांनी पाळीपाळीनं ते वाहून पाहिलं.

पाठांतर सोडून मुलं माळावर जातात, हे अण्णांच्या कानावर गेलं. "बाई, ढाल जाईल."

"जाऊ द्या, अण्णा."

स्पर्धेत बाईंच्या मुलांनी दाखला आपल्या शब्दांत सांगितला. कुठं ओळ सुटली, कुठं मेंढपाळाचा धनगर झाला. ढाल शेजारच्या गावाला गेली. अण्णांचा चेहरा पडला.

मंडळी उठू लागली, तेवढ्यात जिंकलेल्या गावची एक मुलगी ढाल बगलेत धरून सुवार्ताकडे आली. "तो नव्व्याण्णव सोडून गेला कसा, ते मला नीट सांग ना. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

सुवार्ता सांगू लागली. बघता बघता पाच गावांची मुलं तिच्याभोवती बसली. मागं उभे राहिलेले अण्णा जरा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनीच हळूच विचारलं, "काय गं, कोकरू खरंच एवढं जड असतं?"

तबीथाबाई लांबून पाहत होत्या. नऊ वेळा ढाल आणताना भरला नव्हता इतका त्यांचा ऊर त्या दिवशी रिकाम्या हातांनी भरून आला.

तात्पर्य: वचन तेच राहतं, पण ते पोचवायची वाट शिकणाऱ्याच्या पावलांनी ठरते; आणि 'मला ठाऊक नाही' म्हणायला जो गुरू लाजत नाही, त्यालाच ती सापडते.