आतला रंग

गिटारचा आवाज बदलणारी पेडल्स लोक घरच्या घरी बनवू लागले, तेव्हाची ही गोष्ट. शरयूताई जिनगरांच्या टेबलावर अशा पेडलसाठी ॲल्युमिनियमच्या दोन डब्या होत्या. निळीला रंगाचे तीन हात मिळाले, वर पांढऱ्या अक्षरांत ‘गडगडाट’ असं नाव उमटलं. ती लॅकरने चमकू लागली, तशी शेजारची लाल डबी जळफळली. हिच्याहून जास्त रंग आपल्याला मिळालाच पाहिजे, असं तिने ठरवलं. आतली बाजू कोरी राहावी म्हणून ताईंनी लावलेली चिकटपट्टी तिने हळूच सोडली. ताईंनी रंग मारला तेव्हा फवारा आतही शिरला.

पुढे दोघींत सर्किट बसवून गिटार जोडली तेव्हा निळी स्वच्छ वाजली. लाल मात्र नुसती घूं घूं करत राहिली. ताईंनी तिचं झाकण उघडलं.

“आतूनही रंगलीस होय? रंगातून वीज जात नाही, मग अर्थिंग मिळणार कुठून?” असं म्हणत त्या पॉलिश पेपरने आतला रंग खरवडू लागल्या.

निळीने विचारलं, “आतला रंग कुणाला दाखवणार होतीस गं?”

“तुला.”

“झाकण लागल्यावर मलाही दिसला नसता.”