मान न डोलावणारा हत्ती

पूर्वी शिरीषवती नगरात उदग्र नावाचा राजा राज्य करत असताना बोधिसत्त्व एका हत्तिणीच्या पोटी जन्माला आले. अंगाने मोठे झाले, स्वभावाने शांत निघाले, आणि शांत आहेत म्हणूनच राजाच्या माणसांनी त्यांना गुन्हेगार चिरडायच्या कामावर ठेवलं. चिडका हत्ती भलत्यालाच चिरडतो, असा त्यांचा अनुभव होता.

त्या नगरात एक रीत होती. देहदंडाचा हुकूम एकदम वाचायचा नाही. जग कुठून झालं इथपासून सुरुवात करायची, मग पृथ्वी, मग समुद्र, मग राजाचे पूर्वज, मग राजा, मग गुन्हा, आणि सगळ्यात शेवटी शिक्षा. जुन्या लोकांचं म्हणणं असं, की माणूस मारणं ही मोठी गोष्ट आहे, तिचं मूळ पक्कं पाहिजे. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर भाट विचारायचा, "मान्य?" आणि ज्याच्या हातून शिक्षा व्हायची त्याने मान डोलवायची. म्हणजे हत्तीने. एक वाक्य जरी अमान्य झालं तरी पुढचं वाचायचं नाही.

रीत फार कडक होती. पण उभा राहिलेला हत्ती डोलतोच. त्यामुळे आजवर कधी अडचण आली नव्हती.

एके दिवशी राजा भात खात असताना कट्‌ असा आवाज झाला आणि त्याचा पुढचा दात ताटात पडला.

"भातात खडा!" राजा ओरडला. दात नसल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही, पण प्रधानाला कळलं.

सगळा भात चाळला. खडा मिळाला नाही. प्रधान म्हणाला, "महाराज, दात पडलाय ना? मग खडा असणारच. कारणाशिवाय काही होत नाही." हे सगळ्यांना पटलं. मुद्गक नावाच्या आचाऱ्याला पकडून नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला हत्तीच्या पायाखाली द्यायचं ठरलं.

सकाळी मुद्गकाची बायको चंपिका हत्तीखान्यात आली. हातात उसाची मोळी होती.

"हत्तीबाबा, जेवलात का?"

"जेवलो," बोधिसत्त्व म्हणाले. हत्ती बोलला याचं चंपिकेला नवल वाटलं नाही. तिच्यापुढे त्याहून मोठी काळजी होती.

"आमच्या ह्यांची काही चूक नाही हो. तांदूळ मी निवडते. माझ्या निवडण्यात सासूबाईंनी आजवर एकदाही खोड काढली नाही, आणि त्या तर उगवत्या सूर्यातसुद्धा खोड काढतात. तुम्ही त्यांना चिरडू नका."

"मी चिरडायला नकार दिला तर दुसरा हत्ती आणतील. त्याला प्रश्न पडत नाहीत."

"मग काय करणार तुम्ही?"

"अजून सुचलेलं नाही."

चंपिकेने डोळे पुसले. "बरं. निदान खोटी आशा तरी लावली नाहीत," ती म्हणाली आणि ऊस तिथेच ठेवून गेली.

मैदानावर गर्दी जमली. मुद्गकाला दगडावर डोकं ठेवून झोपवलं. बोधिसत्त्वांना त्याच्या डोक्यावर पाय धरून उभं केलं; या कामाची त्यांची ही पहिलीच वेळ होती. एकदा उचललेला पाय हत्तीने बाजूला ठेवला तर हत्ती बदलायचा, ही पण रीतच होती. भाट पुढे आला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सुरुवातीला सगळीकडे पाणीच पाणी होतं. मान्य?"

बोधिसत्त्व हलले नाहीत.

इतका स्थिर हत्ती त्या नगरात कोणी पाहिला नव्हता. कान थांबले. सोंड थांबली. शेपूट थांबलं. माश्या आधी गोंधळल्या, मग खूश झाल्या.

"मान्य?" भाटाने परत विचारलं. मग हळूच म्हणाला, "गजराज, डोला ना जरा. माझं पुढे बरंच वाचायचं राहिलंय."

"एक शंका आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "ते पाणी कशात होतं?"

राजा प्रधानाकडे वळला. "हा बोलतो?"

"बोलतो, महाराज. पण कोणी विचारल्याशिवाय नाही. आणि आजवर खरंतर कोणी काही विचारलंच नव्हतं."

"प्रश्न बरोबर आहे पण," राजा म्हणाला. "पाणी कशात होतं?"

दगडावरून मुद्गक बोलला, "महाराज, हे नीट ठरवूनच घ्या. माझी काही घाई नाही."

राजाने नगरातल्या तीन आचार्यांना बोलावलं. ते जवळच राहायचे, आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. पहिले आचार्य सागल. त्यांनीच पाण्याचं वाक्य भाटाला शिकवलं होतं.

"पाणी कशातच नव्हतं," सागल म्हणाले. "फक्त पाणी होतं. भांडं नंतर आलं."

"भांड्याशिवाय पाणी म्हणजे गळती," दुसरे आचार्य कूटक म्हणाले. "महाराज, ऐका. सगळं एका ठिपक्यात होतं. मोहरीहून बारीक ठिपका. त्यात डोंगर, तारे, हे मैदान, तुम्ही, आम्ही, आचार्य सागलांचं पोट, सगळं मावलं होतं. तो ठिपका फुगला. अजून फुगतोय. तारे एकमेकांपासून लांब लांब चाललेत."

"पुरावा काय?"

"चूल विझली तरी राख कोमट असते ना? तशी सगळ्या आकाशभर अजून जराशी ऊब शिल्लक आहे."

"हात लावून पाहिलीत वाटतं," सागल म्हणाले.

"एवढा लांब हात तुमचा असेल. दक्षिणा घ्यायला पोचतो तो."

तिसरे आचार्य निमीलक आतापर्यंत डोळे मिटून होते. त्यांनी एक डोळा उघडला. "आणि तो ठिपका ठेवला कुठे होता?"

"कुठेच नाही. 'कुठे' हे सुद्धा त्याच्या आत होतं."

"त्याच्या आधी काय होतं?"

"'आधी' पण आतच होतं."

"म्हणजे अडचण आली की आत टाकायची," निमीलक म्हणाले. "महाराज, आधी काहीही नव्हतं. पण काहीही नसणं फार काळ टिकत नाही. ते अस्थिर असतं. त्यातून आपोआप काहीतरी होऊन बसतं."

"माझ्या खजिन्यात काहीही नसणं चांगलं टिकतं," राजा म्हणाला. पण तो पुढे सरकून बसला होता. त्याला हे फार आवडायला लागलं होतं. त्याने हुकूम सोडला की निर्णय लागेपर्यंत मैदानातून कोणी हलायचं नाही.

सूर्य डोक्यावर आला. बोधिसत्त्वांचा पाय अजून वर होता. त्या पायाची सावली मुद्गकाच्या तोंडावर पडली होती आणि रात्रभर न झोपलेल्या मुद्गकाला तिथेच डोळा लागला. तो घोरायला लागला. आचार्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. गर्दीत चंपिका मात्र हत्तीच्या गुडघ्याकडे पाहत होती. गुडघा थरथरत होता.

इकडे प्रधानाला भूक लागली होती. आचाऱ्याला मैदानात आणल्यामुळे राजवाड्यात काही शिजलं नव्हतं. त्याने तिन्ही आचार्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की निर्णय लागला नाही तर जेवण नाही. आचार्यांचे आयुष्यभराचे मतभेद थोड्याच वेळात मिटले. भाटाने नवं वाक्य वाचलं:

"आधी काहीही नव्हतं, त्यातून एक ठिपका निघाला, आणि तो पाण्यात होता. मान्य?"

"मान्य," तिन्ही आचार्य म्हणाले.

सगळे हत्तीकडे पाहायला लागले. हत्ती स्थिर.

राजा उठून जवळ आला. "हे बघ, गजराज. तिघं विद्वान आज पहिल्यांदा एका वाक्यावर आलेत. तू फक्त मान डोलव. तुला राज्याचा मंगलहत्ती करतो. दातांना सोन्याची कडी. मिरवणुकीत सगळ्यात पुढे. रोज ऊस, केळी, तुपातला भात. आणि परत कोणावर पाय द्यायचं काम नाही. हा शेवटचा. आता तर मान्य कर."

चंपिकेने तोंडावर पदर धरला.

बोधिसत्त्वांना दिसत होतं की मागणी फार छोटी आहे. नुसती मान. ती न डोलवायलाच जास्त कष्ट पडत होते. कानाच्या मागे माश्यांचं गावच वसलं होतं.

"महाराज, मला मागचे जन्म आठवतात," ते म्हणाले. "या जन्माच्या आधी मी ससा होतो. त्याच्या आधी व्यापारी. त्याच्या आधी बराच काळ बेडूक. असा मी खूप मागे जाऊन आलोय. जग मोडताना पाहिलंय, पुन्हा जमताना पाहिलंय, पुन्हा मोडताना पाहिलंय. दरवेळी वाटायचं, आता पहिलं टोक दिसेल. नाही दिसलं. आचार्य कदाचित बरोबर असतील. त्यांनी शोधत राहावं, प्रश्न चांगला आहे. पण मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना मी मान डोलवली तर या झोपलेल्या माणसाचं डोकं फुटेल. कोणी काही शोधायचं असेल तर खुशाल शोधावं, महाराज, पण कोणाच्या डोक्यावर पाय ठेवून नको."

राजा चिडला. "आजवरच्या सगळ्या हत्तींना मान्य होतं! तुझ्या आधीच्या प्रत्येक हत्तीने डोलून हो म्हटलंय!"

"महाराज, ते माश्या हाकलत होते."

भाटाने मान खाली घातली. राजा आधी हत्तीकडे, मग दगडाकडे बघत राहिला. दगड जुना होता. त्याच्या मधोमध खळगा पडला होता. राजा मागे येऊन आसनावर बसला.

"मला चक्कर येतेय," तो म्हणाला. "खायला काहीतरी द्या."

गर्दीतल्या एका केळीवाल्याने घाईघाईने एक केळं सोलून पुढे केलं. पिकलेलं, मऊ. राजाने एक घास घेतला. कट्‌ झालं नाही. काहीच आवाज झाला नाही. राजाने घास हातावर काढला तर त्यात त्याचा दुसरा दात होता.

प्रधान सवयीने ओरडला, "केळीवाल्याला पकडा! केळ्यात खडा!"

दोन शिपायांनी केळीवाल्याचे हात धरले. तो बिचारा पांढराफटक पडला. राजाने हातावरच्या केळ्याकडे पाहिलं. मग बोटाने ते कुस्करून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"थांबा," राजा म्हणाला.

शिपाई थांबले. राजा गर्दीला म्हणाला, "मला खरं सांगा. कोणाला काही करणार नाही. माझे दात हलतात का?"

गर्दी खाली पाहायला लागली. शेवटी चंपिकाच बोलली.

"हलतात, महाराज. पावसाळ्यापासून हलतात. तुम्ही हसलात की सगळे हलतात. म्हणून तर आमचे हे तुमच्यासाठी भात मऊ शिजवायला लागले. दोनदा म्हणाले मला, 'अगं, महाराजांना सांगायला पाहिजे.' मी म्हटलं, अहो, तुम्ही नका सांगू, जीव जाईल."

राजाने तोंडावर हात ठेवला आणि जिभेने एकेक दात हलवून पाहिला. मग म्हणाला, "जगाचं मूळ शोधायला आम्ही तीन आचार्य बोलावले. माझ्या दाताचं मूळ इथे माझ्या तोंडात होतं. ते बघायला कोणाला बोलावलं नाही. सोडा त्याला. केळीवाल्यालाही सोडा. गजराज, पाय खाली घ्या."

बोधिसत्त्वांनी पाय बाजूला घेऊन जमिनीवर टेकवला आणि असा सुस्कारा सोडला की पुढच्या रांगेतल्या लोकांची पागोटी उडाली. मग त्यांनी कान हलवले, सोंड हलवली, शेपूट हलवलं, आणि मन भरेपर्यंत मान डोलवली. भाट बघून घाबरला, पण आता काही वाचायचं नव्हतं.

मुद्गकाला जागं करावं लागलं. तो उठून म्हणाला, "काय ठरलं? पाण्याचं की ठिपक्याचं?"

"काही ठरलं नाही," चंपिका रडत रडत हसत म्हणाली. "उठा. घरी चला."

त्या दिवसापासून शिरीषवतीत हुकूम वाचायची पद्धत बदलली. भाट म्हणायचा, "जग कसं झालं ते अजून कळलेलं नाही. आता जे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच वाचतो." तेवढंच वाचायचं म्हटल्यावर बहुतेक हुकूम फारच छोटे व्हायला लागले, आणि देहदंडाचा तर एकही पुरा होईना. तेव्हा राजाने तो दगडच काढून टाकला. तिन्ही आचार्यांना त्याने तळ्याकाठी मंडप बांधून दिला आणि दोन वेळचं जेवण लावून दिलं. तिथे ते पुन्हा एकमेकांशी भांडायला लागले आणि फार सुखात राहिले. मंगलहत्तीचं पद बोधिसत्त्वांनी घेतलं नाही. तळ्यातला गाळ काढायचं काम मागून घेतलं. तिथे चिखल भरपूर होता, आणि अंगभर चिखल असला की माश्या बसत नाहीत.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली ती एका भिक्खूमुळे. तो भिक्खू वाटेत आडवा बसून राहायचा आणि म्हणायचा, "जगाचा आरंभ आधी सांगा, त्याशिवाय मी ध्यान करणार नाही, आजाऱ्यांची सेवा करणार नाही, अंगणही झाडणार नाही." गोष्ट संपल्यावर शास्त्यांनी ओळख करून दिली: "भिक्खूंनो, त्या वेळचा उदग्र राजा म्हणजे हा वाटेत बसलेला भिक्खू. तेव्हाचा मुद्गक म्हणजे मठातला तो आजारी वृद्ध, ज्याला सकाळपासून कोणी पाणी दिलेलं नाही. चंपिका म्हणजे त्याला बघायला आत्ता दारात आलेली उपासिका. तीन आचार्य म्हणजे आजचेही तीन आचार्य, त्यांचं अजून ठरायचं आहे. आणि हत्ती मीच होतो. जे ठाऊक नाही त्याला हो न म्हणणं, आणि त्या न म्हणण्याने कोणाचा तरी जीव वाचवणं, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

भिक्खू वाटेतून उठला, आणि पाण्याचं मडकं घेऊन वृद्धाच्या खोलीकडे गेला.